भारतातून युरोव्हिजन: वेळ, कार्ड, मत आणि निकाल

युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा. ती भारतातून पाहताना दर मे महिन्यात त्याच चुका होतात. कुणी अंतिम फेरी पाहायला एक दिवस आधी जागतं, कुणी एक दिवस उशिरा. कुणाचं कार्ड मत देताना नाकारलं जातं. आणि कुणी ज्यूरीचे (परीक्षकांचे) गुण संपले की निकाल लागला असं समजून झोपतं, सकाळी पाहावं तर जिंकलेला देश भलताच. यातल्या बहुतेक चुका त्या रात्री होत नाहीत, त्याआधीच्या आठवड्यात होतात. म्हणून खालचे पहिले चार टप्पे कार्यक्रमापूर्वीचे आहेत. ते नीट झाले तर रात्री फक्त गाणी ऐकायची.

## १. तारीख आणि वेळ पक्की करा

युरोव्हिजनचे थेट कार्यक्रम तीन: मंगळवारी पहिली उपांत्य फेरी, गुरुवारी दुसरी, शनिवारी अंतिम. तिन्ही मध्य युरोपच्या वेळेनुसार रात्री ९ वाजता सुरू होतात. मे महिन्यात तिथे उन्हाळी वेळ असते, म्हणजे आपण साडेतीन तास पुढे. भारतात कार्यक्रम रात्री १२:३० ला लागतो आणि तोवर तारीख बदललेली असते.

२०२६ च्या व्हिएन्नातल्या स्पर्धेच्या तारखा घेऊन पाहा:

- पहिली उपांत्य फेरी: तिथे मंगळवार १२ मे, आपल्याकडे बुधवार १३ मे, ००:३०
- दुसरी उपांत्य फेरी: तिथे गुरुवार १४ मे, आपल्याकडे शुक्रवार १५ मे, ००:३०
- अंतिम फेरी: तिथे शनिवार १६ मे, आपल्याकडे रविवार १७ मे, ००:३०

रात्री साडेबाराच्या गाडीचं तिकीट काढताना जी गफलत होते, तीच इथे होते. "१६ मे, साडेबारा" असं लिहून ठेवणारा शुक्रवारी रात्री जागतो. "रविवारी आहे" एवढंच लक्षात ठेवणारा रविवारी रात्री टीव्हीसमोर बसतो, तोवर निकाल लागून वीस तास होऊन गेलेले असतात. शनिवारी जेवण आटोपून जागं राहायचं, एवढं पाठ करा. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइम झोन व्हिएन्नाचा निवडा आणि वेळ २१:०० टाका, बाकीचा हिशेब फोन करेल.

उपांत्य फेरी दोन तासांच्या थोडी पुढे जाते. अंतिम फेरी चार तासांची धरा, म्हणजे पहाटेचे साडेचार.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: लंडनला रात्री ८, दुबईला रात्री ११, न्यू जर्सी आणि टोरांटोला दुपारी ३. मेलबर्नला मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे ५.

इशारा: फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगवेगळ्या देशांच्या निवड स्पर्धा होतात (स्वीडनची मेलोडीफेस्टिवालेन, इटलीचं सानरेमो). तेव्हा युरोपात हिवाळी वेळ असते आणि फरक साडेचार तासांचा होतो. तिथली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे सरकतात. हिवाळ्यातला हिशेब मे महिन्यात वापरला तर तासभर उशीर होईल आणि बरीच गाणी हुकतील.

## २. कुठे पाहायचं ते आधी ठरवा

भारतातला कोणताही देशी चॅनल यात भाग घेत नाही, त्यामुळे सरळ मार्ग म्हणजे स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवरचं थेट प्रक्षेपण. त्याचं पान कार्यक्रमाआधी तयार असतं, तिथे जाऊन 'आठवण करा'चं बटण दाबून ठेवा. शोधाशोध करून ऐन वेळी सापडणारे 'लाइव्ह' व्हिडिओ बरेचदा मागच्या वर्षीचे किंवा चोरीचे असतात, आणि चोरीचे अर्ध्यात बंद पडतात.

ज्या देशांत प्रक्षेपणाचे हक्क स्थानिक वाहिनीकडे आहेत तिथे यूट्यूब बंद असू शकतं. ब्रिटनमध्ये बीबीसी, ऑस्ट्रेलियात एसबीएस पाहा.

यूट्यूबचं प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, त्यामुळे मतदानाची उलटी मोजणी पडद्यावर शून्याला येईपर्यंत थांबू नका. आणि निवेदक कुणी नसतो. बीबीसीसारखी चुरचुरीत टिप्पणी इथे मिळणार नाही. काहींना तेच बरं वाटतं.

## ३. कार्ड दोन दिवस आधी तयार ठेवा

२०२३ पासून स्पर्धेबाहेरच्या देशांतले प्रेक्षकही मत देऊ शकतात. या सगळ्यांचा मिळून एक गट धरला जातो, त्याचं नाव 'रेस्ट ऑफ द वर्ल्ड'. भारत त्यात येतो. मतदान फक्त ऑनलाइन, ईएससी डॉट व्होट (esc.vote) या अधिकृत पत्त्यावर, आणि प्रत्येक मताला पैसे पडतात. एका मताला साधारण एक युरो धरा. नेमकी रक्कम पैसे भरण्याच्या पानावर दिसते.

सर्वात जास्त माणसं इथे अडकतात, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवीन कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. ते ग्राहकाने स्वतः सुरू करायचे. क्रमाने करा:

१. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड निवडा. यूपीआयवर विसंबू नका, रुपे चालेल असंही धरू नका.
२. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा. 'ऑनलाइन' आणि 'आंतरराष्ट्रीय' अशी दोन वेगळी बटणं असतात. दोन्ही सुरू हवीत. बरेच जण एकच सुरू करतात.
३. आंतरराष्ट्रीय व्यवहारांची मर्यादा पाहा. बटण सुरू असूनही मर्यादा शून्य असली तर कार्ड नाकारलं जातं.
४. मर्यादा दोन हजार रुपयांच्या आत ठेवली तरी पुरते. दहा मतं म्हणजे हजार रुपयांच्या आसपास, त्यावर बँकेचं परकी चलनाचं शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी.
५. बँकेत नोंदवलेला मोबाइल जवळ आणि चार्ज केलेला ठेवा.

इशारा: परदेशी संकेतस्थळ दर वेळी ओटीपी मागेलच असं नाही. म्हणून मत दिल्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार त्याच रात्री पुन्हा बंद करा. सकाळी करू म्हटलं की राहून जातं.

दुसरा इशारा: व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचं मत देता येत नाही. मत कोणत्या देशाचं हे पाहताना कार्ड कुठलं आहे तेही पाहिलं जातं. भारतीय कार्डावरून आयर्लंडचा प्रेक्षक होण्याच्या नादात व्यवहारच फसतो.

लंडन किंवा मेलबर्नला राहणाऱ्यांनी वेगळ्या नियमाकडे लक्ष द्यावं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया स्पर्धेत आहेत, त्यामुळे तिथून दिलेलं मत त्या देशाचं, आणि आपण राहतो त्या देशाच्या गाण्याला मत देता येत नाही. दुबई, न्यू जर्सी, टोरांटोचे प्रेक्षक मात्र आपल्याच गटात.

## ४. गाणी आधी ऐका, पण अर्धवट विश्वास ठेवून

प्रत्येक गाणं जास्तीत जास्त तीन मिनिटांचं. २०२६ मध्ये देश ३५, म्हणजे सगळी गाणी पावणेदोन तासांत ऐकून होतात. मार्चच्या मध्यापर्यंत यादी पूर्ण होते आणि अधिकृत वाहिनीवर सगळी गाणी एका ठिकाणी सापडतात.

ऐकताना एक लक्षात ठेवा: तुम्ही स्टुडिओतलं रेकॉर्डिंग ऐकताय. मंचावर मुख्य आवाज थेट गावा लागतो, वाद्यं मात्र रेकॉर्ड केलेली असतात. मागचे साथीचे आवाज २०२१ पासून आधी रेकॉर्ड केलेले चालतात. मंचावर सहाच्या वर माणसं नसतात. म्हणून स्टुडिओत वीस आवाजांचं भरदार वाटणारं गाणं मंचावर पातळ होऊ शकतं, आणि साधं वाटणारं गाणं एका चांगल्या गळ्यावर उचललं जातं. तालमींच्या छोट्या चित्रफिती मे महिन्यात येऊ लागतात. मार्चमध्ये बनवलेली क्रमवारी त्या पाहून एकदा तरी दुरुस्त करा.

यजमान देश आणि स्पर्धेला सर्वात जास्त पैसे देणारे मोठे देश थेट अंतिम फेरीत जातात. हे मोठे देश पाच: फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, ब्रिटन. इस्रायलच्या सहभागावरून २०२६ मध्ये स्पेनने माघार घेतली (नेदरलँड्स, आयर्लंड, स्लोव्हेनिया आणि आइसलँडनेही), म्हणून त्या वर्षी हे चारच. यजमान ऑस्ट्रिया धरून पाच देश थेट, उरलेले ३० देश दोन उपांत्य फेऱ्यांत पंधरा-पंधरा, आणि प्रत्येकीतून दहा पुढे. अंतिम फेरीत २५ गाणी.

तपासा: तुमच्या आवडीचं गाणं कोणत्या उपांत्य फेरीत आहे ते पाहिलंत का? शनिवारीच मत देऊ म्हणून थांबलात आणि ते गाणं मंगळवारीच बाहेर पडलं, तर काही उपयोग नाही. रेस्ट ऑफ द वर्ल्डला तिन्ही कार्यक्रमांत मत आहे.

## ५. घरची गुणपत्रिका

मित्रमंडळी जमणार असतील तर हा टप्पा करा, एकटे पाहणार असाल तर सोडून द्या.

नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण देणं. पहिल्या तीन गाण्यांना सगळे सात-आठ देऊन बसतात, अठराव्या गाण्यापर्यंत वर जागाच उरत नाही, आणि शेवटी सहा गाणी साडेआठवर अडकतात. खऱ्या स्पर्धेत असे गुण नसतातच, तिथे क्रम लावला जातो.

१. प्रत्येकाला २५ चिठ्ठ्या द्या, एकेका चिठ्ठीवर एकेका देशाचं नाव.
२. गाणं संपलं की त्याची चिठ्ठी आधीच्या चिठ्ठ्यांमध्ये योग्य जागी सरकवा: यापेक्षा वर, त्यापेक्षा खाली. मधली ओळखचित्रफीत चालू असते तेवढाच वेळ मिळतो, पाऊण मिनिटाच्या आसपास. एवढा पुरतो.
३. शेवटच्या गाण्यानंतर वरच्या दहा चिठ्ठ्यांना वरून खाली गुण द्या: १२, १०, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १.
४. अकराव्या चिठ्ठीपासून खाली शून्य.

तपासा: एका माणसाच्या गुणांची बेरीज ५८ च आली पाहिजे. ५९ किंवा ६० आली तर कुणीतरी ९ किंवा ११ दिलेत, आणि ते गुण या स्पर्धेत नाहीत. पाच माणसं असतील तर एकूण २९०.

खरी ज्यूरीही पूर्ण यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावते. २०२६ पासून प्रत्येक देशाच्या ज्यूरीत सात जण असतात, त्याआधी पाच असत. त्यांच्या याद्या एकत्र करताना वरच्या क्रमांकांना जास्त वजन मिळतं, त्यामुळे एकाच परीक्षकाने एखादं गाणं तळाला टाकलं तरी बाकीच्यांच्या पसंतीवर ते तरून जातं. घरी एवढं गणित करत बसू नका.

## ६. मत देणं

रेस्ट ऑफ द वर्ल्डचं मतदान कार्यक्रम सुरू होण्याच्या बरंच आधी खुलं होतं आणि थेट कार्यक्रमातही चालतं. नेमक्या वेळा मतदानाच्या पानावर दिलेल्या असतात, त्याच धरा.

झोप महत्त्वाची असेल तर संध्याकाळीच मत देऊन टाकावं असं वाटतं. देऊ शकता. पण दिलेलं मत परत घेता येत नाही, आणि शेवटच्या दिवशीही उलथापालथ होते. २०२४ मध्ये माल्मोत नेदरलँड्सचं गाणं अंतिम फेरीच्या दिवशीच बाद झालं. थेट प्रयोग पाहून मत देणं केव्हाही बरं.

क्रम असा:

१. पत्ता स्वतः टाइप करा. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या दुव्यावरून जाऊ नका, कारण इथे कार्डाचा क्रमांक द्यायचा आहे.
२. दाखवलेला देश किंवा गट बरोबर आहे ना पाहा.
३. मतं वाटा. २०२६ पासून एका कार्डावर जास्तीत जास्त १० मतं आहेत, आधी २० होती. सगळी एकाच गाण्याला देता येतात किंवा विभागता येतात.
४. पैसे भरा आणि मत नोंदलं गेल्याचा संदेश येईपर्यंत पान बंद करू नका.
५. बँकेचा संदेश पाहा, रक्कम ताडून घ्या, आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा.

अंतिम फेरीत शेवटचं गाणं आपल्या घड्याळात पावणेतीनच्या आगेमागे संपतं आणि त्यानंतर थोडा वेळ मतदान चालू राहतं. शेवटच्या दोन मिनिटांवर ठेवू नका. पान हळू चालतं, ओटीपी उशिरा येतो, आणि मोजणी संपली की संपली.

मतं कशी वाटायची, याबद्दल थोडं. भारतातली मतं अमेरिका, ब्राझील, कॅनडा अशा सगळ्या बाहेरच्या देशांच्या मतांत मिसळतात आणि त्या ढिगातून गुणांचा एकच संच निघतो, एका देशाच्या प्रेक्षकांएवढा. त्या संचात गाणं पहिल्या दहात आलं नाही तर त्याला शून्य. त्यामुळे दहा गाण्यांना एकेक मत देणं म्हणजे कौतुकाची थाप, परिणाम जवळपास नाही. दोन किंवा तीन गाण्यांवर मतं एकवटा. जे गाणं उघडउघड पुढे आहे त्यापेक्षा आठव्या-बाराव्या जागेवर लटकणाऱ्या गाण्याला तुमच्या मताचा उपयोग जास्त.

## ७. निकाल वाचताना

प्रत्येक देश अंतिम फेरीत गुणांचे दोन संच देतो: एक ज्यूरीचा, एक प्रेक्षकांचा. रेस्ट ऑफ द वर्ल्ड फक्त प्रेक्षकांचा देतो. २०२६ च्या ३५ देशांचा हिशेब केला तर ज्यूरीचे ३५ × ५८ = २०३० गुण आणि प्रेक्षकांचे ३६ × ५८ = २०८८. म्हणजे ज्यूरीचे गुण संपतात तेव्हा अर्ध्याहून जास्त गुण वाटायचे बाकी असतात. तिथे टीव्ही बंद करू नका.

पहिला भाग, ज्यूरी. एकेका देशाचा प्रवक्ता फक्त १२ गुण तोंडी सांगतो. बाकीचे गुण त्याच वेळी फलकावर चढतात, म्हणून प्रवक्त्याच्या कपड्यांकडे न पाहता फलकाकडे पाहा. हे गुण त्या रात्रीच्या गाण्यावर नाहीत. ज्यूरी आदल्या रात्रीच्या तालमीवर क्रम लावते. शनिवारी कुणाचा आवाज फाटला आणि तरी ज्यूरीकडून भरघोस गुण मिळाले, तर त्यात काळंबेरं काही नाही, शुक्रवारी तो नीट गायला होता.

दुसरा भाग, प्रेक्षक. सगळ्या देशांच्या प्रेक्षकांचे गुण मिळून एकाच आकड्यात सांगतात. ज्यूरीच्या यादीत तळाला असलेल्याला आधी, पहिल्याला शेवटी. त्यामुळे आघाडी सारखी बदलते आणि त्या आघाडीला शेवटपर्यंत अर्थ नसतो. अर्थ असतो एका वजाबाकीला: सध्या पुढे असलेल्याची एकूण बेरीज उणे उरलेल्याचे ज्यूरी गुण.

२०२५ ला बासेलमध्ये इस्रायल ज्यूरीचे ६० आणि प्रेक्षकांचे २९७ मिळून ३५७ वर होता. ऑस्ट्रियाच्या जेजेचे ज्यूरी गुण २५८, प्रेक्षकांचा आकडा यायचा होता. ३५७ − २५८ = ९९. ९९ मिळाले असते तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत प्रेक्षकांचे गुण जास्त असणारा जिंकतो, म्हणजे इस्रायल. म्हणून ऑस्ट्रियाला किमान १०० हवे होते. आले १७८, एकूण ४३६, आणि जिंकल्यामुळे पुढची स्पर्धा ऑस्ट्रियात, व्हिएन्नाला गेली.

त्याच रात्री, ऑस्ट्रियाच्या ठीक आधी, यजमान स्वित्झर्लंडच्या झोए मेला ज्यूरीचे २१४ असताना प्रेक्षकांकडून शून्य आलं. असा शून्य ऐकला की "एकानेही मत दिलं नाही" असं लिहिलं जातं. तसं नसतं. प्रत्येक देशात अकराव्या क्रमांकावर राहिलेल्या गाण्यालाही शून्यच मिळतो. हजारो मतं मिळूनही कुठेच पहिल्या दहात न येणं शक्य आहे. उलट बाजू २०२३ ची: फिनलंडच्या कारियाला प्रेक्षकांचे ३७६, ज्यूरीचे फक्त १५०. स्वीडनच्या लोरीनला प्रेक्षकांचे २४३ आणि ज्यूरीचे ३४०, आणि ती ५८३ वर जिंकली.

उपांत्य फेरीत गुण सांगतच नाहीत. पुढे गेलेल्या दहा देशांची नावं कोणत्याही क्रमाने येतात, तेव्हा शेवटी पुकारलेला देश दहावा आला असं समजू नका. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत उपांत्य फेऱ्या फक्त प्रेक्षकांच्या मतांवर ठरत होत्या, २०२६ पासून ज्यूरी तिथेही परतली. त्यामुळे त्या तीन वर्षांचे आकडे समोर ठेवून पुढचे अंदाज बांधले तर चुकतील.

उपांत्य फेरीचे गुण अंतिम फेरी झाल्यावरच प्रसिद्ध होतात. रविवारी दुपारी अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षीच्या निकालाच्या पानावर जा, प्रेक्षकांच्या गुणांची तपशीलवार फोड उघडा आणि गुण देणाऱ्यांच्या यादीतून 'रेस्ट ऑफ द वर्ल्ड' निवडा. तुमची मतं ज्या ढिगात पडली त्याचे १२ कुणाला गेले आणि तुमचं गाणं त्या दहांत बसलं का, ते तिथे दिसतं. भारताची अशी वेगळी ओळ त्या तक्त्यात नसते.